माझा नवरा ताटल्या घासतो

रेकॉर्डिस्ट: थांबा, थांबा. मॅडम, परत खोकलात.

बायको: मी खोकले नाही.

रेकॉर्डिस्ट: मग हसलात. काहीतरी आलं मध्ये. 'उठते' छान आलं, 'तोंड धुते' छान आलं, 'चहा करते' तर इतकं छान की मलाच तलफ आली. आणि या एका वाक्यापाशी आलात की गाडी पंक्चर. मला जपानी कळत नाही, पण पंक्चर कळतं.

नवरा: पुन्हा घेऊ या. ती थकलीय.

बायको: मी थकलेली नाही. वाचते. 'ओत्तो वा सारा ओ अराइ...' नाही. नाही जमत.

रेकॉर्डिस्ट: अर्थ काय आहे त्याचा? शिवी वगैरे आहे का?

नवरा: नाही हो. 'माझा नवरा ताटल्या घासतो.'

रेकॉर्डिस्ट: गोड आहे की.

बायको: गोड आहे. शिवीसुद्धा आहे.

रेकॉर्डिस्ट: हे तुमचंच पुस्तक ना?

नवरा: दोघांचं. धडा पाचवा, 'आमचा दिवस'. जुनं रेकॉर्डिंगही आम्हीच केलं होतं, पण त्यात पंखा वाजतो. आता मुलं मोबाइलवर ऐकणार, म्हणून प्रकाशक म्हणाले नवं करा, आणि आवाज तेच हवेत.

बायको: प्रकाशकांना माहीत नाही की एक आवाज वर्षभर बहिणीकडे राहतो.

नवरा: माइक चालू आहे.

बायको: असू दे. पंखा वाजला तेव्हा चाललं ना?

रेकॉर्डिस्ट: माझी काही हरकत नाही. काल एक बाई आल्या होत्या, लिफ्टचा आवाज द्यायला. 'तळमजला' असं म्हणायच्या की माणसाला वाटावं, आयुष्यात आता वर जायलाच नको. त्यांचंही घरात काहीतरी चालू असणार.

नवरा: हे बघ, एक वाक्य आहे. शब्द किती, तू मोज. वाच आणि मोकळी हो.

बायको: किती वर्षं वाचतेय मी ते वाक्य! वर्गात वाचलं, फळ्यावर लिहिलं, मुलांकडून घोकून घेतलं. बाजारात पोरं भेटली की विचारायची, 'मॅडम, सर अजून घासतात का हो?' मी म्हणायची, 'रोज.' हातात भाजी, आणि दुसऱ्या हातात भांडी घासायची पावडर.

नवरा: मुलं चेष्टा करायची.

बायको: एका मुलीनं चांगलं स्थळ नाकारलं. का, तर तो मुलगा म्हणाला मी ताटल्या घासणार नाही. आईला म्हणाली, आमचे सर एवढे शिकलेले, ते घासतात. तिची आई मला येऊन भेटली. माझ्यासमोर रडली. मी काय सांगू तिला? की बाई, तो धडा आहे?

रेकॉर्डिस्ट: मग? झालं का लग्न?

बायको: नाही झालं. चांगली आहे ती. एकटी राहते. स्वतःची ताटली स्वतः घासते.

नवरा: अगं, मी तो धडा व्याकरणासाठी लिहिला होता. रोजच्या कामांची क्रियापदं यायला हवी होती. उठणे, धुणे, जाणे, येणे. नवऱ्याला नुसतं खुर्चीत बसवून ठेवला असता तर क्रियापदं कुठून आली असती?

बायको: आपल्या घरात नवरा खुर्चीतच होता. क्रियापदं सगळी मी केली.

रेकॉर्डिस्ट: हे पण रेकॉर्ड झालंय हं. लेव्हल मस्त आली.

नवरा: डिलीट करा.

रेकॉर्डिस्ट: करतो, करतो. शेवटी एकदम करतो.

बायको: आणि परीक्षा आठवते? 'जेवण झाल्यावर नवरा काय करतो?' सगळ्या वर्गानं लिहिलं, ताटल्या घासतो. सगळ्यांना पैकीच्या पैकी. एकाच पोरानं लिहिलं, 'टीव्ही बघतो.' धडा वाचला नव्हता त्यानं, अंदाजे ठोकलं. सबंध वर्गात तो एकटा बरोबर होता. मी त्याला शून्य दिलं.

नवरा: उत्तर चुकीचंच होतं.

बायको: पेपर आपल्या ओट्यापाशी उभी राहून तपासत होते. नळ चालू होता.

नवरा: तू तेव्हा बोलली असतीस तर...

बायको: बोलले नाही? सुरुवातीला हसून बोलले, मग चिडून बोलले, मग एकदा जपानीतून बोलले, म्हटलं गुरुजींना त्या भाषेत तरी कळेल. तू माझा उच्चार सुधारलास.

रेकॉर्डिस्ट: आईशप्पथ.

नवरा: तुम्ही जरा चहा घेऊन येता का?

रेकॉर्डिस्ट: नाही सर, मशीन सोडून जाता येत नाही. आणि दारात मॅडमची बॅग आहे, मघाशी एकदा आपटलोय. एका धड्याला एवढी मोठी बॅग कशाला लागते देव जाणे.

नवरा: तुझी आहे ती? मला वाटलं यांचं काही सामान असेल.

बायको: माझी आहे.

नवरा: म्हणजे... तू...

बायको: आधी हे संपू दे.

नवरा: नाही, थांब. बॅग भरून आलीस?

बायको: तू फोनवर म्हणालास ना परवा? 'मी बदललोय. ताटल्यांचा प्रश्न कायमचा मिटलाय, आता ये.' बहीण म्हणाली, जाऊ नकोस, पुरुष फोनवर नेहमीच बदललेले असतात. तरी मी भरली बॅग. तिच्या नवऱ्यानं खाली आणून दिली. त्याला जरा जास्तच उत्साह होता.

नवरा: मग चल ना! इथून सरळ घरी. मिटलाच आहे प्रश्न. शब्दाचा पक्का आहे मी.

बायको: मला तुझा दिवस सांग.

नवरा: आत्ता?

बायको: आत्ता. आपण मुलांना सांगायला लावतो तसा. साधी, छोटी वाक्यं. 'कारण' नको, 'पण' नको. 'पण' आपण आठव्या धड्यात शिकवतो.

नवरा: काय वेडेपणा... बरं. मी सहाला उठतो.

बायको: सहाला?

नवरा: सातला उठतो. तोंड धुतो. चहा करतो. स्वतः करतो हं.

बायको: 'हं' नको. पुढे.

नवरा: क्लासला जातो. शिकवतो. संध्याकाळी परत येतो. स्वयंपाक करतो. म्हणजे भात करतो. आणि अंडं.

रेकॉर्डिस्ट: छान येतंय सर. तुमचा आवाज धड्यापेक्षा इथं बरा लागलाय.

बायको: मग?

नवरा: मग जेवतो.

बायको: मग?

नवरा: मग ताटली...

बायको: हं. ताटली काय करतोस?

नवरा: टाकतो.

बायको: टाकतो म्हणजे?

नवरा: केरात. कागदाच्या आणतो मी आता, गठ्ठ्यानं. जेवलं की टाकली. घासायचं नाव नाही. म्हटलं ना, प्रश्न मिटलाय.

बायको: आणि आपल्या ताटल्या?

नवरा: त्या... पडूनच होत्या गं. क्लासच्या कँटीनला दिल्या.

बायको: निळ्या काठाच्या?

नवरा: कँटीनवाला खूश झाला. त्यांच्याकडे मशीन आहे धुवायला. कुणालाच घासाव्या लागत नाहीत. ना तुला, ना मला. मी नीट विचार करून केलं सगळं.

बायको: दिसतंय.

नवरा: वर्षभर तू एकच सांगत होतीस, ताटल्या, ताटल्या. मी मुळालाच हात घातला. आता भांडायला घरात काही उरलंच नाही.

बायको: खरंय. काहीच उरलं नाही.

नवरा: अशी काय बघतेस? चिडलीस?

बायको: नाही. मला वाटलं होतं, गेले, तर ओट्यापाशी तू उभा असशील. बाह्या वर करून. निम्मा साबण तसाच राहिलेला, ताटल्या धड विसळलेल्या नाहीत, शर्ट भिजलेला. मी येताना रिक्षात ठरवत होते की पुन्हा विसळायच्या नाहीत. तशाच पुसून मांडायच्या. तुझं मन मोडायचं नाही. साबणाच्या चवीचा भात खायचा, गप्प बसून.

नवरा: अगं, मग मी आणतो ताटल्या परत! आज आणतो. कँटीनवाला ओळखीचा आहे.

बायको: नको.

नवरा: घासतो मी. खरंच घासतो. आत्ता जाऊन.

बायको: तुला एक ताटली घासण्यापेक्षा सगळ्या देऊन टाकणं सोपं गेलं. चीड नाही आली रे मला. नुसतं कळलं.

नवरा: एवढ्या तेवढ्यावरून कुणी संसार मोडतं का?

बायको: लोक घर बघून लग्न करतात, नोकरी बघून करतात. मी धडा पाचवा बघून केलं. लग्नाच्या आधी तू कागद हातात दिलास, म्हणालास, 'वाच, आपला दिवस असा असेल.' तू व्याकरणासाठी लिहिलास. मी होकारासाठी वाचला. दादा, घ्या टेक.

रेकॉर्डिस्ट: घेऊ? नक्की? पाणी वगैरे?

बायको: घ्या.

रेकॉर्डिस्ट: रोलिंग.

बायको: 'ओत्तो वा सारा ओ अराइमासु.'

रेकॉर्डिस्ट: ... अरे वा. मॅडम! हे काय होतं! एकदम स्वच्छ. ना खोकला, ना हसू. अगदी लिफ्टवाल्या बाईंसारखं. आधीच असं का नाही दिलंत?

बायको: आधी जमत नव्हतं.

रेकॉर्डिस्ट: ओके आहे हा. आता एकच राहिलं, सरांचं. त्यानंतर धडा संपला. सर, तुम्ही तयार?

नवरा: बॅग कुठे नेणार आहेस?

बायको: बहिणीकडे. तिच्या नवऱ्याला परत वर चढवायला लागणार. बिचारा.

रेकॉर्डिस्ट: सर, रोलिंग आहे.

नवरा: 'सोरे कारा...' सॉरी.

रेकॉर्डिस्ट: होतं असं. माझ्याकडे खाली अर्थ दिलाय, 'मग आम्ही दोघं बोलत बसतो.' सोपं आहे की, सर. आरामात घ्या, पुढची पार्टी उशिरा आहे. रोलिंग... सर?

बायको: म्हण ना. वर्गात झोपेतसुद्धा म्हणायचास.

नवरा: हं.

रेकॉर्डिस्ट: सर, टेप चालूच ठेवतोय मी. तुम्ही केव्हाही.

बायको: अरे, म्हण. तुझं तेवढं वाक्य होईपर्यंतच थांबलेय मी.

नवरा: म्हणूनच.