फुकटचं प्यादं

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी कवळी गळून पडो.

डायलिसिसच्या वॉर्डात माझ्या समोरच्या, शेजारशेजारच्या खाटांवर पडून शिंपीणबाई आणि मास्तर तोंडीच बुद्धिबळ खेळायचे. एका खेपेला दोघांची एकेकच चाल. त्या दिवशी मास्तर म्हणाले,

"बाई, पुढच्या खेपेपासून मी येत नाही. दमलो. व्हायचं ते होऊ दे."

"बरं. वजिरांपुढची प्यादी समोरासमोर आलीच आहेत. आता माझं उंटापुढचं दोन घरं. घ्या, फुकट आहे."

"दर डावाला तुमचं हेच आमिष. आणि दर डावाला मी राजापुढचं एक घर सरकवून नाही म्हणतो."

"घाबरता."

"घेतलेलं टिकत नाही हो. चार चालींत तुम्ही वसूल कराल."

"म्हणजे चार खेपा तरी याल."

"भारी आतल्या गाठीच्या आहात."

"चाळीस वर्षं मी मापं घेतलीत, मास्तर. कापड किती उरलंय ते कळतं मला."

मशीन घरघरत राहिलं.

"मास्तर, झोपलात?"

"नाही. घेतलं प्यादं."

आता कवळी हलायला लागली, म्हणून सांगून टाकते. बाई लगेच 'बरं' म्हणाल्या नव्हत्या. बराच वेळ त्यांना बोलताच आलं नव्हतं.