सोनखांबचं जांभळं निशाण

(एरंडोल. दुपारचे दोन. तोताराम नानांच्या घराची पुढची खोली.)

मयुरी : दोन ओळी पुरेत नाना. ‘सोनखांबच्या गढीचं निशाण जांभळंच होतं, त्याचा पुरावा मी स्वतः पाहिला आहे.’ खाली तुमची सही. त्याच्याखाली ‘माजी ग्रंथपाल’ असं ठळक लिहा. मी फोटो काढते आणि चारच्या आत किरणला पाठवते.

नाना : आधी बस तरी. या उन्हात जळगावच्या दुकानातून उठून आलीस, तिथे सांगून आलीस ना?

मयुरी : अर्धी रजा टाकली. आज फ्लेक्सचं डिझाइन गेलं खड्ड्यात. माझ्या आठ महिन्यांच्या कामाला कुणीतरी खोटं म्हणतंय आणि मी लग्नाचे बॅनर करत बसू?

बेबाबाई : पोर घाममा निथळी राहिनी. पानी पी आधी. काय व्हयनं इतलं?

मयुरी : काही नाही अक्का. तो गढीचा सिनेमा आला होता ना, साठ माणसांची शिबंदी इंग्रजांच्या कंपनीच्या फौजेशी लढते तो. त्यातल्या सगळ्या निशाणांचे मी आयकॉन केलेत.

बेबाबाई : ते काय ऱ्हास?

मयुरी : फोनवर नावाशेजारी गोल चित्र असतं ना, तुमच्या फोनवर मुक्ताईचं आहे, तसं. लोक आपापल्या आवडीचं निशाण लावतात. अठरा निशाणं आहेत. कंपनीच्या पलटणींची, दोन्ही सरदारांची, आणि आपल्या सोनखांबचं. सिनेमा थांबवून थांबवून एकेक काढलं. आपलं निशाण नखाएवढं झालं की त्यावरची कट्यार दिसेनाशी होते, म्हणून तिचं पातं मी अर्ध्या मापाने वाढवलं. कडेचे सुटलेले धागेसुद्धा हाताने काढलेत. फुकट दिलेत सगळे. वर फक्त माझं नाव, एवढंच मागितलं.

बेबाबाई : मंग? कोन वंगाळ म्हनस?

मयुरी : एक जण आहे. ‘एक वाचक’ म्हणे. चेहरा नाही, गाव नाही. माझ्या सोनखांबच्या आयकॉनखाली दर चार दिवसांनी येऊन लिहितो, ‘हा रंग खरा नसावा. कृपया पडताळून पाहावे.’ आधी मी हसले. मग लोक त्याला शिव्या घालायला लागले, मग काही जण मला. आता किरण म्हणतो, चारपर्यंत पुरावा दे नाहीतर अठराच्या अठरा पेजवरून काढतो. एक खोटं निघालं तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? किरण म्हणजे त्या सिनेमाच्या वेड्यांचं पेज चालवतो तो.

नाना : किरण... तसा चुकीचं नाही म्हणत.

मयुरी : नाना, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?

नाना : आहे. म्हणजे, असावा. तू कागद पुढे ठेवलास तोच मी बघतोय.

मयुरी : त्यात बघायचं काय? सिनेमावाले मुंबईहून तुमच्याकडे आले होते. याच खोलीत बसले होते. तुम्हीच त्यांना निशाण सांगितलंत, शेवटी आभारात तुमचं नाव आहे. तीन वेळा टाळ्या वाजवल्या होत्या मी टॉकीजमध्ये. तुमच्यापेक्षा मोठा पुरावा कुठून आणू?

नाना : तो जो कोणी लिहितो... फार उद्धट लिहितो का?

मयुरी : उद्धट असता तर परवडलं असतं. क्षमा मागतो. ऐका, वाचून दाखवते. ‘क्षमा असावी. आपले रेखाटन सुबक आहे. तथापि रंगाविषयी शंका आहे.’ दुसरं. ‘क्षमा असावी. पुन्हा त्रास देत आहे.’ तिसरं. ‘क्षमा असावी. मी चुकतही असेन.’ चुकत असशील तर गप्प बस ना. असं लोणी लावून सुरी चालवणारा माणूस मी पाहिला नाही.

बेबाबाई : क्षमा असावी?

मयुरी : प्रत्येक वेळी.

बेबाबाई : हाई तं आमना घरनं बोलनं शे. ह्या बजारमा वांगा लेवाले गया तरी म्हनतस, क्षमा असावी, वांगा कवळा शेतस का?

नाना : बेबा, तू चहा ठेवतेस का?

बेबाबाई : ठेवस. रोज दुपारले तुना जुना फोन लिसन बठतस. माले वाटनं रामरक्षा वाचतस.

मयुरी : नाना.

नाना : साखर बेताची टाक, बेबा.

मयुरी : नाना, माझ्याकडे बघा. तो फोन मी तुम्हाला दिला. अकाउंट मी उघडून दिलं. माझे आयकॉन तुम्हाला बघता यावेत म्हणून.

नाना : नाव तेवढं मी बदललं. कसं बदलायचं ते तूच शिकवलं होतंस.

मयुरी : म्हणजे तुम्ही.

नाना : मी.

मयुरी : आमच्या घरापासून चार घरं सोडून राहता तुम्ही. गेल्या रविवारी आमच्याकडे जेवलात. पप्पांच्या शेजारी बसून भरीत-भाकरी खाल्लीत आणि मी त्या एक वाचकाला शिव्या देत होते, तेव्हा म्हणालात, ‘सोड गं, असतात अशी माणसं.’

नाना : म्हणालो होतो. दुसरी भाकरी घेतली नाही नंतर.

मयुरी : मला तोंडावर का नाही सांगितलं?

नाना : छाती झाली नाही.

मयुरी : आणि पेजवरच्या अकरा हजार लोकांसमोर झाली. वा. मला देशद्रोही म्हणाला रावेरचा एक जण, वाचलंत ना ते? तुमच्याच खाली लिहिलं होतं. तेव्हा तरी पुढे यायचं.

नाना : त्याला उत्तर लिहिलं होतं मी. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

मयुरी : पुसलं. छान केलंत. वाचनालयात पस्तीस वर्षं हेच केलंत का? 

बेबाबाई : मयुरी, नाना शेतस तुना.

मयुरी : माहितीये अक्का. म्हणून तर अजून ‘तुम्ही’ म्हणतेय.

नाना : बोलू दे तिला. तिचं बरोबर आहे.

मयुरी : असं नका म्हणू. तुम्ही असं म्हटलं की मला रागवताही येत नाही. सरळ सांगा, रंग जांभळा नव्हता हे तुम्हाला कधी कळलं?

नाना : जांभळा होता असं मला कधीच कळलं नव्हतं.

मयुरी : मग सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं?

नाना : मीच. ते दोघं आले. एक मुलगी होती, तुझ्याएवढी, वही घेऊन. माझ्याकडे कट्यारीच्या निशाणासकट गढीचं जुनं चित्र होतं, पुस्तकात छापलेलं. काळं-पांढरं. तिने विचारलं, रंग कोणता? माहीत नाही म्हणायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण मयुरी, एवढ्या वर्षांत वाचनालयात मला लोकांनी काय विचारलं ठाऊक आहे? पेपर आला का. पंखा लावता का. संडास कुठे आहे. पहिल्यांदा कुणीतरी मुंबईहून येऊन मला एक गोष्ट विचारली आणि उत्तर लिहून घ्यायला पेन उघडून बसलं. मला त्या पेनासमोर माहीत नाही म्हणवेना. खिडकीबाहेर शेजारच्या झुलालच्या परसात केळीला केळफूल लोंबत होतं. मी म्हटलं, तसला.

मयुरी : केळफूल.

नाना : ती इतकी खूश झाली. म्हणाली, काय सुंदर रंग आहे.

मयुरी : नाना, असोद्यात केळीच्या गाड्यांवर लावलंय ते निशाण. पोरांनी मोटारसायकलच्या टाक्या रंगवल्यात. आमच्या दुकानातल्या हितेंद्रभाऊंच्या मित्राने दंडावर गोंदलंय. दंडावर. ते आता कशाने पुसणार?

नाना : ते मला नको सांगूस. रोज दिसतं मला. बसस्टँडवर जायचं बंद केलंय मी.

मयुरी : आणि खरा रंग? तो तरी माहितीये, की तोही परसातलाच?

नाना : खरा रंगच नव्हता.

मयुरी : म्हणजे?

नाना : सिनेमा आल्यावर मन खाऊ लागलं. धुळ्याच्या दफ्तरात जुन्या कागदांसाठी सात-आठ खेपा घातल्या. गढीच्या कारकुनाचं एक पत्र सापडलं. उतरून आणलंय. हे बघ. ‘निशाण नवे नाही. धोतराचे पांढरे पट जोडून केले आहे. वरी दिव्याचे काजळे कट्यार काढिली. पाऊस लागता जाते, पुन्हा काढितो. तरी रंग व कापड पाठवावे.’

मयुरी : पांढरं?

नाना : पांढरं. धोतराचं.

मयुरी : नाना, पांढरं निशाण म्हणजे शरण आल्याचं. शेंबडं पोरही हेच म्हणेल. साठ माणसं गढीवर मेली आणि मी त्यांच्या नावापुढे पांढरं निशाण लावू? दगड येतील घरावर.

नाना : ठाऊक आहे. म्हणूनच तर ‘शंका आहे’ एवढंच लिहीत होतो.

मयुरी : पण थांबा. यात रंग मागितलाय. पाठवलाही असेल की. कशावरून नाही पाठवला? तुम्ही ते पत्र धरून बसलात, पण पुढे रंग आला, त्यांनी रंगवलं, असं का नाही होऊ शकत?

नाना : मीही तसंच म्हणत होतो स्वतःला. दोन महिने म्हणत होतो.

मयुरी : मग?

नाना : पत्र कंपनीच्या कागदांत सापडलं. ते नेणारा जासूद वाटेत पकडला गेला. ते पत्र कुणाला पोचलंच नाही गं. आणि त्यावरच्या तारखेपासून पाचव्या दिवशी गढी पडली.

बेबाबाई : माय वं.

नाना : मला राग सिनेमावाल्यांचा नाही. माझा आहे. पण राग आहे, मयुरी. दिसत नसेल माझ्या तोंडावर. त्या माणसांनी अंगावरचं धोतर फाडून निशाण केलं. पावसाने कट्यार गेली की दिव्यावर वाटी पालथी धरून काजळी जमवली, पुन्हा काढली. एवढंच त्यांचं स्वतःचं होतं. आणि आम्ही त्यांना जांभळं रेशीम देऊन टाकलं. वर टाळ्या. कशासाठी? तर एका म्हाताऱ्याला आपण शहाणे दिसावं असं वाटलं.

मयुरी : तीन टाळ्या माझ्याही आहेत त्यात.

नाना : तुझा काय दोष? तू पडद्यावर होतं ते काढलंस.

मयुरी : पण रागवायचं कुणावर ते तरी ठरवू द्या मला. मी आले तेव्हा एक वाचक होता, आता तोही गेला हातातून.

बेबाबाई : माले बी नई सांगं यास्नी. पन्नास वरीस व्हयनात लगीनले.

नाना : तुला काय सांगणार? रंग चुकला म्हणून?

बेबाबाई : हा. तेच सांगानं व्हतं. भाजीमा मीठ चुकनं तं मी सांगस ना.

मयुरी : अडीच वाजले.

नाना : आण तो कागद. तुझ्या त्या दोन ओळी लिहितो. सही करतो.

मयुरी : काय?

नाना : तुझं काम राहील. अठराही राहतील. मी एवढा खोटा ठरलोच आहे, आणखी दोन ओळींनी काय होणार?

मयुरी : हात नका लावू त्याला. खरंच सांगते, मला हे असलं काही नकोय. मघापासून मी कशाला ओरडतेय मग? माझ्या कामाला कुणी खोटं म्हणू नये म्हणूनच ना? आणि तुम्ही मला सही करून खोटं देताय.

नाना : क्षमा...

मयुरी : ते तर अजिबात म्हणू नका.

नाना : मग काय करू? तू सांग.

मयुरी : तुम्ही सांगा, मी टाइप करते. सगळं. ती मुलगी, पेन, झुलालकाकांचं परस, धुळ्याचं पत्र. तुम्ही उतरून आणलेल्या पत्राचा फोटो मी जोडते. सोनखांबचा आयकॉन मी काढून टाकतेय, आत्ता, माझ्या हाताने. बाकीचे सतरा ठेवायचे की नाही ते किरण ठरवेल.

नाना : आठ महिन्यांचं काम आहे.

मयुरी : माहितीये मला किती महिन्यांचं आहे. पांढरं निशाण गोलात कसं दाखवायचं तेही मलाच बघायचंय. मागे काहीतरी मातकट लागेल, नाहीतर दिसायचंच नाही. काजळी ओघळलेली काढावी लागेल. बोला.

नाना : लिही. ‘क्षमा...’ नको. लिही, ‘सोनखांबच्या गढीचे निशाण जांभळे होते, हे मी सांगितले. मला ते माहीत नव्हते.’

मयुरी : पुढे.

नाना : ‘विचारणाऱ्यांचा दोष नाही. चित्र काढणाऱ्या मुलीचा तर मुळीच नाही.’

मयुरी : हे वाक्य नको.

नाना : राहू दे. एवढं एक माझ्या मनाचं राहू दे.

मयुरी : बरं. पुढे सांगा, थांबू नका. तुम्ही थांबलात की पुसायला लागता.

(बराच वेळ नाना सांगतात, मयुरी टाइप करते. चहा निवतो.)

मयुरी : झालं. खाली नाव काय टाकू?

नाना : एक...

बेबाबाई : नाव टाक, बाई. पुरं टाक. गावले काय, बठ्ठा तालुकाले माहीत शे.

नाना : टाक. तोताराम अभिमन पाटील. गावही टाक. ग्रंथपाल मात्र नको लिहूस.

मयुरी : पस्तीस वर्षं होतात तुम्ही.

नाना : असू दे. आज नको.

मयुरी : बरं. पाठवू?

नाना : एकदा वाचून दाखवशील का?

मयुरी : नाही. पाठवलं.

नाना : पाठवलं?

मयुरी : गेलं. तीन वाजून दहा मिनिटं. आणि मी अजून चिडलेलीच आहे नाना, हे सगळं मिटलं असं समजू नका.

नाना : नाही समजत.

बेबाबाई : ते वाजी राहिनं का? फोन?

नाना : इतक्यात? काय म्हणतात? दाखव इकडे.

मयुरी : नाही. फोन माझ्याकडेच राहू द्या. तुम्ही चहा घ्या. आज उत्तरं मी वाचते.