दोन विहिरी आणि दोन चिठ्ठ्या

मंडळी, बसून घ्या. मागे जागा आहे, पुढे सतरंजीवरही आहे. भास्कररावांच्या कुसुमवहिनींनी मला बोलायला सांगितलं म्हणून मी उभा राहिलोय. आपल्या या छोट्या महाराष्ट्र मंडळात मी दरवर्षी गणपतीत आभार मानायला उभा राहतो, त्यामुळे बोलायची सवय आहे असं तुम्हाला वाटेल. आज नाही जमत. मी काल तीन वेळा लिहून काढलं आणि तिन्ही कागद फाडले.

भास्करराव गेले, मंगळवारी. सायकलवरून मैलापाण्याच्या टाक्यांकडून परत येताना छातीत कळ आली, रस्त्याच्या कडेला बसले, आणि संपलं. बावन्न वर्षांचा माणूस. आमचं सामान ज्या दिवशी जयपूरला उतरलं, त्या दिवशी शेजारच्या दारातून चहा घेऊन आलेले पहिले गृहस्थ. मी विमा कचेरीतला, ते इंजिनिअर. हिंदी त्यांना माझ्याहून वाईट येत होती, आणि बोलायचे माझ्याहून जास्त.

त्यांचं काम काय होतं, हे आपण सगळ्यांनी नाक मुरडत ऐकलंय. खोटं कशाला बोला? चारदीवारीच्या जुन्या शहरातून नाल्याने येणारा मैला तटाबाहेर उतारावरच्या टाक्यांत घ्यायचा, पाणी वर राहू द्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा. तो गाळ वाफ्यांत पसरून वाळवायचा. उन्हाळाभर वाळवून भेगा पडल्या की मग माळ्यांना खत म्हणून द्यायचा. ते म्हणायचे, जयपूरचं ऊन हे आमचं सगळ्यात मोठं यंत्र आहे. संक्रांतीला ते आपल्या प्रत्येकाच्या घरी त्या मळ्यातले फ्लॉवरचे गड्डे आणायचे, हे एवढाले. आठवतंय ना? आपण हसून घ्यायचो. मग आमच्या घरातून तो गड्डा गाईला जायचा. तुमच्याकडे कुठे जायचा ते तुम्ही जाणा. मी विचारत नाही.

त्यांना हे माहीत होतं, मंडळी. वहिनींनी परवा मला सांगितलं. माहीत असूनही ते आणत राहिले.

पण मी फ्लॉवरबद्दल बोलायला उभा नाही. मी एका विहिरीबद्दल बोलणार आहे. मतलब, दोन विहिरींबद्दल.

टाक्यांच्या खाली माळ्यांची वस्ती आहे. रामनाथजी तिथले. ते बघा, दाराशी बसलेत, पागोटं मांडीवर घेऊन. त्यांना मराठी कळत नाही, तरी आलेत. वस्तीत दोन विहिरी. एक पिंपळाखालची, टाक्यांच्या जवळ, उताराला. दुसरी मंदिराजवळची, लांब आणि चढावर. शहर वाढलं, घराघरांत फ्लशचे संडास झाले, गाळ वाढला. वाफे पुरेनात. एका पावसाळ्यात वरून हुकूम आला, ओला गाळ कुठेतरी टाका. कुठे टाकायचा ते भास्कररावांनी ठरवलं. पिंपळाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला एक मोठा खड्डा खणला आणि त्यात टाकला. तात्पुरता, म्हणाले. तुम्हाला माहीत आहे तात्पुरतं म्हणजे काय. खड्डा अजून तिथेच आहे.

त्याच पावसाळ्यात वस्तीतली लेकरं आजारी पडली. जुलाब, ताप. रामनाथजींची नात महिनाभर अंथरुणात होती. आता बरी आहे. पण दोन लेकरं गेली. भास्करराव त्या दोन्ही घरी जाऊन आले. मला सोबत नेलं होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "खड्डा मी करायला लावला. विहीर त्याने बिघडली असेल, तर मला कळलं पाहिजे."

मला कळलं पाहिजे. एवढंच त्यांचं मागणं होतं.

खात्यातून त्यांनी मुश्किलीने एक पत्र मिळवलं, दिल्लीच्या प्रयोगशाळेसाठी. मी कचेरीच्या कामाने दिल्लीला निघालो होतो. त्यांनी दोन्ही विहिरींचं पाणी दोन सारख्या बाटल्यांत भरलं, बुचांवर फडकं बांधलं, आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. त्यांचं अक्षर तुम्ही पाहिलंय, मंडळाच्या फळ्यावर. 'पिंपळ' आणि 'मंदिर'. डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, आडवा करू नका.

आता ऐका. आमच्या घरातून, म्हणजे शांता, ती इथे बसलीय, तिला विचारूनच मी हे सांगतोय. तिने माझ्या प्रवासाची तयारी केली. दशम्या, चटणी, लाडवांचा डबा. त्या शिदोरीशेजारी मैल्याच्या खड्ड्याचं पाणी? तिला ते सोसेना. तिने दोन्ही बाटल्या बादलीत घालून राखेने बाहेरून घासल्या आणि वर गंगाजल शिंपडलं. बुचं उघडली नाहीत. मनाने तिने चांगलंच केलं. मी कचेरीतून आलो, तर बाटल्या लख्ख पुसून ठेवलेल्या, आणि दोन्ही चिठ्ठ्या ताटलीत वाळत घातलेल्या.

ती म्हणाली, चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. मी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. दोन्हीतलं पाणी सारखंच नितळ. मी उलटसुलट बघितल्या. मग भाताची शितं घेतली आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. तिने विचारलं, कोणती कोणती ते कळलं का? मी म्हटलं, हो.

मला कळलं नव्हतं.

त्याच वेळी शेजारच्या दारात जाऊन सांगायचं होतं ना? दहा पावलं. ते पुन्हा पाणी भरून आणायला गेले असते, माझी गाडी चुकली असती, ते हसले असते. मी गेलो नाही. बायकोची फजिती नको म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. खरं तर माझी स्वतःचीच फजिती मला नको होती.

अहवाल आला. मंदिराची विहीर दूषित, पिंपळाची चांगली. मंदिराच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या. सगळी वस्ती पिंपळाच्या विहिरीवर पाणी भरू लागली. खड्ड्याजवळच्या. आजही तिथेच भरते.

भास्कररावांची सुटका झाली होती, मंडळी. खड्डा निर्दोष ठरला होता. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण ते चक्रावून गेले. मला म्हणाले, पाणी चढावर कसं जाईल हो? खड्डा खाली, मंदिर वर. आठ दिवसांनी पुन्हा तेच. चहा पिताना तेच. पाणी चढावर कसं जाईल? मग एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाटल्या नीट होत्या ना?"

मी म्हटलं, "नीट होत्या."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी स्वतःच्या शिक्षणावर संशय घेतला, पण माझ्यावर घेतला नाही. खात्याने दुसरं पत्र द्यायला नकार दिला, अहवाल आलाय, फाइल बंद. वहिनींनी काल मला त्यांची वही दाखवली. पानोपान उतार काढलेत, जमिनीखालचे दगड काढलेत, बाण काढलेत, आणि खोडलेत. शेवटच्या पानावर फक्त दोन विहिरी आहेत. बाण नाही.

मंगळवारी ते त्याच उतारावरून परत येत होते.

आता तुम्ही म्हणाल, मग चूक उघड आहे. नाही हो. तेच तर माझं डोकं फिरवतंय. मी चिठ्ठ्या बरोबरही लावल्या असतील. मंदिराच्या विहिरीवर गुरं धुवायचे, तिथलं पाणी खरंच वाईट असेल. मग माझी चूक चूकच नाही, आणि त्यांचा गोंधळ मात्र खरा. किंवा मी उलट्या लावल्या, आणि दीड वर्ष वस्ती माझ्या शितांमुळे नको ते पाणी पितेय. यातलं कुठलं? मला माहीत नाही. गाळाचं खत चांगलं की वाईट, तेही मला माहीत नाही. वाळलेल्याने मळे पिकवले, ओल्याने कदाचित लेकरं नेली. एकाच माणसाच्या हातून दोन्ही. त्या माणसाबद्दल मी आज काय बोलू? थोर म्हणू? थोर होतेच. पण त्यांना जे हवं होतं ते थोर म्हणवून घेणं नव्हतं. त्यांना कळायला हवं होतं.

वहिनी, तुम्ही माझ्याकडे बघताय. मी हे तुम्हाला आधी एकटीला सांगायला हवं होतं. काल वही हातात असताना सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही. इथे एवढ्या लोकांसमोर उघडलं, कारण इथून मला मागे फिरता येणार नाही. मला माफ करा असं मी आज म्हणत नाही. नंतर म्हणेन, तुम्ही ऐकून घेतलंत तर.

या टेबलावर दोन बाटल्या आहेत. तुम्हाला वाटलं असेल, प्यायचं पाणी ठेवलंय. रिकाम्या आहेत. काचेवर मी खिळ्याने कोरलंय, एकीवर पिंपळ, दुसरीवर मंदिर. शांताने त्या उकळून घेतल्यात. उद्या सकाळी मी वस्तीवर जाणार आहे. तिथून पाणी भरून दिल्लीला. खात्याचं पत्र नाही म्हणून प्रयोगशाळेने घेतलं नाही, तर दारात बसेन. आणि निकाल येईपर्यंत वस्तीने कुठल्याही विहिरीचं पाणी उकळूनच प्यावं, हे आज इथूनच जाताना सांगायचंय. कोणी सोबत येणार असेल तर या.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ काही बोलायचं नाही. ज्यांनी त्यांचे गड्डे खाल्ले त्यांनीही, ज्यांनी नाही खाल्ले त्यांनीही. मग मी दाराशी जाऊन रामनाथजींना हेच सगळं हिंदीत सांगणार आहे, आणि ते मला याहून जड जाणार आहे.

पण त्याआधी एक उत्तर राहिलंय, दीड वर्षापासून.

भास्करराव, बाटल्या नीट नव्हत्या.