चौकीला पायऱ्या नाहीत

संयोजक : आनंदच आहे हो डॉक्टर! आनंद नाही असं कोण म्हणतंय? सकाळपासून डोळे पुसतोय मी. फक्त आणखी दोन दिवसांनी सुटला असतात, तर जरा सोयीचं झालं असतं.

डॉक्टर : मी तसं जेलरला बोललो होतो. म्हटलं, साहेब, उद्या मानवी हक्क परिषद आहे, मंचावर माझ्या नावाची रिकामी खुर्ची ठेवलीय, परिषद उरकेपर्यंत मला आत राहू द्या. ऐकलं नाही त्यांनी. चपला हातात दिल्या आणि फाटक लावून घेतलं.

वहिनी : थट्टा पुरे झाली. भाऊ, आम्ही आमची खुर्ची न्यायला आलोय. जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची आहे ती. काल रात्री दोन्ही मुलं आणि मी खुर्च्यांवर, आणि हे इतक्या दिवसांनी घरी जेवायला बसले, ते दवाखान्यातल्या खोक्यावर.

संयोजक : वहिनी, ती आता तुमची राहिली नाही. म्हणजे तुमचीच आहे, पण चळवळीची झालीय. किती देशांत जाऊन आली!

वहिनी : माहीत आहे. विमानात खिडकीशी बसून गेली असेल. मी अजून विमानतळ आतून पाहिलेला नाही.

संयोजक : अहो, समजून घ्या. बाहेर सभागृह भरलंय. पडदा उघडला की खुर्चीवर प्रकाशझोत, मग दोन मिनिटं स्तब्धता, मग व्हायोलिन. त्या खुर्चीवर साक्षात डॉक्टर येऊन बसले, तर लोकांनी स्तब्ध कशासाठी उभं राहायचं?

डॉक्टर : मी बसल्या बसल्या स्तब्ध राहीन की. तसंही मला बोलायची बंदीच आहे. सभेत भाषण करायचं नाही, ही जामिनाची अट.

संयोजक : तेच तर! पहिल्या रांगेत गृहखात्याचा माणूस बसलाय. सभागृहात अंधार असला तरी डोळ्यांवर काळा चष्मा. तुम्ही मंचावर नुसते खोकलात, तरी तो त्याचं भाषण करेल. पुन्हा आत जाल.

वहिनी : म्हणजे आत होते तेव्हा मंचावर, आणि बाहेर आले तर मंचामागे. छान आहे.

संयोजक : माझं दुःख वेगळंच आहे वहिनी. त्यांना मुद्दाम काल सोडलंय. आजच्या पेपरात सरकारचं निवेदन वाचलंत? ‘डॉक्टर घरी गेले आहेत, परिषदेला आता विषय उरलेला नाही.’ आमच्या पायाखालची सतरंजीच ओढली हो!

डॉक्टर : तेवढं मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतो, खुर्ची न्यायची नाही.

वहिनी : असं कधी म्हणालात? बाहेर टेम्पो उभा करून आलोय आपण!

डॉक्टर : आत्ता म्हणालो. ही स्मरणिका चाळल्यावर. भाऊ, हे मुखपृष्ठावर कोणाचं तोंड आहे?

संयोजक : ते होय? ते प्रतीकात्मक आहे. खाली लिहिलंय बघा, ‘प्रतीकात्मक छायाचित्र’. कुणाचं असं नाही ते. एकूण पीडितांचं.

डॉक्टर : एकूण पीडितांच्या वरच्या दाढेत मी चांदी भरलेली दिसतेय. पुढचे वरचे तीन गेलेले. अहो, हे आमच्या शिंप्याचं तोंड आहे. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच दिव्याखाली काढलेला फोटो आहे हा.

संयोजक : असेल. आम्हाला तुमच्या कागदपत्रांत मिळाला. फार बोलका वाटला.

डॉक्टर : बोलका आहेच. म्हणूनच त्याला आत टाकलंय.

संयोजक : शिंप्याचं प्रकरण जरा वेगळं आहे, डॉक्टर.

डॉक्टर : कसं वेगळं? तीच जनसुनावणी, तोच मंच. पोलिसांचं म्हणणं, चौकीत आणलेली माणसं पायऱ्यांवरून पडतात आणि दात पाडून घेतात. मी एवढंच म्हणालो, की चौकीला पायऱ्या नाहीत. आणि शेजारी उभं राहून त्याने आ केला. मी बोललो, त्याने दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच गाडीतून नेलं. मी काल आलो. तो तिथेच आहे.

संयोजक : तुमचं वाक्य होतं हो! ‘चौकीला पायऱ्या नाहीत.’ पाच शब्दसुद्धा नाहीत. टी-शर्टवर बसलं, फलकावर बसलं. शिंप्याचं काय छापणार? नुसता आ? शिवाय त्याच्यावर शिपायावर कात्री उगारल्याचा गुन्हा आहे. पाहुण्यांना स्वच्छ प्रकरण लागतं.

वहिनी : शिंप्याच्या हातात कात्री नसेल तर काय असेल, बासरी?

संयोजक : मला पटतं वहिनी! पण समितीला कोण पटवणार? शिंप्याला कोणी ओळखत नाही.

डॉक्टर : मला तरी कोण ओळखत होतं? गावात मला पाहून लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे; दाढ काढील म्हणून. तुम्ही खुर्ची ठेवलीत, मग ओळखायला लागले. तुमच्या खुर्चीमुळे मी सुटलो, हे मी विसरणार नाही भाऊ. म्हणून तर मागतोय. खुर्चीवरची माझी पाटी काढा, त्याची लावा.

संयोजक : ऐन वेळेला? डॉक्टर, हे व्हायचं नाही.

डॉक्टर : बरं. मग अगं, टेम्पोवाल्याला आत बोलाव. मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठा लागतो, सांग त्याला. नाहीतर डगमगेल.

संयोजक : थांबा, थांबा! हे काय? पडदा उघडायची वेळ झाली आणि मंचावर खुर्चीच नाही? ही सरळ सरळ अडवणूक आहे!

वहिनी : अडवणूक नाही भाऊ, चळवळ आहे. तुमच्याचकडून शिकलोय. आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवण्याजोगी वस्तूही माझ्या पर्समध्ये कायम असते.

(वहिनी पर्समधून एक छोटी डबी काढून उघडून ठेवतात.)

संयोजक : हे... हे दात आहेत का?

डॉक्टर : तीन दातांची कवळी. त्याच्यासाठी केली होती. बसवायची त्या दिवशी सकाळी आम्हाला उचललं.

वहिनी : दर भेटीला घेऊन जायचे मी तुरुंगात. यांना डबा, त्याला दात. फाटकावर दर वेळी परत करायचे. म्हणे, टणक वस्तू आत नेता येत नाही.

संयोजक : आणि ही तुम्ही मंचावर ठेवणार? परदेशी पाहुण्यांसमोर? वहिनी, कसं दिसेल ते!

डॉक्टर : दातांसारखं दिसेल. आणि ही प्रतीकात्मक नाही हं. मापाची आहे. जगात एकाच तोंडात बसते.

संयोजक : ...द्या इकडे एखादा पुठ्ठा. पाटी मीच लिहितो. समिती मला उद्या काढून टाकेल.

वहिनी : टाकू दे. तुमच्यासाठीही खुर्ची ठेवू. घरी आणखी तीन आहेत.

संयोजक : गृहखातं माझं अक्षर चांगलं ओळखतं. डॉक्टरांसाठी इतके अर्ज केलेत की तिथला कारकून म्हणतो, तुमचा उकार सुंदर आहे. काय लिहू?

डॉक्टर : वर लिहा, शिंपी. त्याच्याखाली, अजून आत आहे. आणि त्याच्याखाली माझं ते वाक्य. टी-शर्टवरचं.

संयोजक : वाक्य तुमचं, मग त्याच्या पाटीवर कसं?

डॉक्टर : तोंड त्याचं होतं. मी नुसता वाचून दाखवत होतो.

संयोजक : लिहिलं. पण मंचावर जाऊन बोलणार कोण? चष्मेवाला बसलाय. तुम्ही तर नाहीच.

वहिनी : मी बोलेन. मला कुठली अट? मला कोणी पकडलंच नव्हतं.

डॉक्टर : अगं, मग पकडतील ना!

वहिनी : पकडू देत. मग पुढच्या परिषदेला माझी खुर्ची जाईल विमानाने. तेवढंच.

डॉक्टर : माझं ऐक जरा.

वहिनी : तीन वर्षं तुमचं ऐकायला तुम्ही घरात नव्हतात. सवय गेली. भाऊ, माइक माझ्या उंचीला लावा. ती मागच्या वेळची उंच बाई नाही मी.

संयोजक : आणि व्हायोलिनवाल्याला काय सांगू?

वहिनी : सांगा, आज घरी जा. आज कोणी वारलेलं नाहीये, की आपण त्याच्यासाठी व्हायोलिन आळवायचं.

संयोजक : घंटा झाली. डॉक्टर, तुम्ही कुठे बसणार? सभागृहात जागाच नाही.

डॉक्टर : मागे दाराशी उभा राहतो. तिथून तिचा आवाज नीट आला, तर सगळ्यांना आला असं समजेन.

वहिनी : आणि घरी गेल्यावर? खुर्ची तर इथेच राहिली. पुन्हा त्या खोक्यावर बसणार आहात का?

डॉक्टर : खाली बसून जेवेन. तिकडे तोही खालीच बसतो.