माफीचं पान

मिशनच्या दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोन बायका बसल्या होत्या. भुरीबाईचा मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत होता, मांडीवर मडमने दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक. ते तिने शेजारच्या शिकलेल्या बाईपुढे धरलं.

"ताई, तुले वाचता येस ना? यामा माफीनं पान काढी दे."

"कसली माफी?"

"नवरानी मारं तरी बायकोनी माफ करानं, आसं येशू सांगस. मन्हा नवरा रोज सांजले याच पुस्तकमाईन वाची दाखाडस. पन यावखत हात मोडना. मन मानत नही."

"किती वर्षं वाचतोय?"

"आठ."

"भुरीबाई, छापखान्यातून आल्यापासून याची पानं एकमेकांना जोडलेलीच आहेत. कापल्याशिवाय वाचता येत नाहीत."

"एक बी कापेल नही?"

"एकही नाही."

"मंग आठ वरीस मी त्याले माफ करं, ते कोन्हं ऐकीसन?"