उजवीकडे गरम

(फोनवर. ती घरी, बाथरूममध्ये. फोन साबणाशेजारी स्पीकरवर ठेवलेला. तो दवाखान्यातल्या खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये.)

तो : पुन्हा सांग. नळ कोणी बदलला म्हणालीस?

ती : मी.

तो : तू म्हणजे तूच?

ती : नाही, माझी जुळी बहीण आली होती. पाना घेऊन.

तो : आणि आता गरम पाणी येत नाही.

ती : चार दिवस झाले.

तो : वा! मी तीन आठवडे घरात नाही तर पाणी गेलं. मी असताना कधी गेलं होतं?

ती : छे! तुम्ही असताना जाईल कसं? थांबायचंच नाव नव्हतं त्याचं. आठ महिने टपटपत होता तो नळ.

तो : रविवारी मी दुरुस्त करणारच होतो तो.

ती : कुठल्या रविवारी, तेवढंच बोलला नव्हतात.

तो : मग प्लंबरला का नाही बोलावलंस?

ती : "मी जिवंत असेपर्यंत या घरात प्लंबर पाऊल टाकणार नाही." हे कोणाचं वाक्य? म्हटलं, प्लंबर आला आणि तिकडे तुमचं काही झालं तर सगळे मलाच बोलतील.

शेजारची खाट : वहिनी, नमस्कार. मी यांच्या शेजारच्या खाटेवरचा. फोनचा आवाज मोठा आहे, म्हणून ऐकू येतंय. काल हे सलाइन लावणाऱ्या सिस्टरलाही नळी कशी जोडायची ते शिकवत होते.

तो : तुम्ही जरा पेपर वाचा हो.

शेजारची खाट : सकाळीच वाचून झाला.

ती : हे बघा, आता पावणेपाच वाजलेत. पाचला तुमची लेक येतेय.

तो : माझी लेक? चांगलं असलं की तुझी असते ना ती?

ती : सध्या तुमचीच आहे. माझ्याशी तीन आठवडे धड बोलत नाही. येणार, नळ सोडून बघणार. उद्या प्लास्टर काढलं की रोज दोनदा पाय गरम पाण्यात बुडवायला सांगितलाय डॉक्टरांनी. ती म्हणते, "आईला झेपणार असेल तर बाबा घरी, नाहीतर माझ्याकडे." खोलीसुद्धा लावून ठेवलीय तिने तुमच्यासाठी.

तो : तिच्याकडे? तिथे जावई मला टीव्हीच्या रिमोटलाही हात लावू देत नाहीत.

ती : मागच्या वेळी तुम्ही तो उघडून ठेवला होतात. सात स्क्रू होते, परत बसले पाच.

तो : ते दोन जास्तीचे होते. ते जाऊ दे. मी सांगतो तसं कर. बेसिनखाली वाक. भिंतीतून दोन पाइप येतात, त्यांना दोन कॉक आहेत. नळ बदलताना बंद केले असशील आणि उघडायला विसरली असशील.

ती : दोन्ही उघडेच आहेत.

तो : पूर्ण?

ती : पूर्ण. हवं तर येऊन बघा. अरे हो, तुम्हाला येता येत नाही.

तो : नळी पिळली गेली असेल कुठेतरी.

ती : सरळ आहे. माझ्यासारखी.

शेजारची खाट : वहिनी, हे डोळे फिरवतायत.

तो : नळाच्या तोंडाशी जाळी असते. तीत कचरा अडकला असेल.

ती : काढून धुतली. आणि जाळी तुंबली असती तर थंड पाणी तरी कसं धो धो आलं असतं?

तो : गिझर चालू आहे का?

ती : नाही हो, चार दिवस बंद गिझरकडे बघत बसलेय की आता गरम होईल, मग गरम होईल! चालू आहे. लाल दिवा लागलाय. मागच्या बाल्कनीतला पाइप हाताला चटका देतो आणि इथे बेसिनखालचा गार. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा जरा विचार करून सांगा.

तो : म्हणजे गरम पाणी मध्येच अडतंय. नळच खोटा आहे. स्वस्तातला उचलून आणलास.

ती : तुमच्याच दुकानातून आणला. तो दुकानदार म्हणाला, "साहेबांनी आजवर तीन वेळा हाच नेलाय."

तो : मग दांडा नीट फिरवत नसशील. कुठे फिरवतेस?

ती : उजवीकडे. गरम कुठे असतं आपल्याकडे?

तो : बरोबर. उजवीकडे. अगदी टोकापर्यंत?

ती : टोकापर्यंत. याच्यापुढे फिरवला तर हातात येईल.

शेजारची खाट : एक विचारू का? उजवीकडे का? गरम पाणी डावीकडे असतं ना?

तो : लोकांच्या घरी. आमच्याकडे उजवीकडे आहे. एकतीस वर्षं.

ती : आमचे जावई पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा थंड पाण्यासाठी उजवीकडे फिरवून हात पोळून घेतला त्यांनी. बिचारे ओरडलेसुद्धा नाहीत. नवे होते.

शेजारची खाट : पण नळावर लाल-निळे ठिपके असतात की.

तो : कंपनीवाले उलटे लावतात.

शेजारची खाट : तिन्ही नळांना?

तो : एकाच कंपनीचे होते ते! चूक पहिल्यापासून आहे त्यांची.

ती : मी तर आणल्या आणल्या त्या लाल ठिपक्यावर चिकटपट्टी लावली. म्हटलं, उगीच गोंधळ नको. तुम्हीच सांगितलं होतंत, "या घरात ठिपक्यांवर विश्वास ठेवायचा नाही."

तो : ...अगं, नळ्या कशा जोडल्यास?

ती : कशा म्हणजे? लाल पट्टीची गरम पाइपला, निळी थंडला. गरम पाइप कुठला ते कळावं म्हणून आधी जुना नळ चालू ठेवून बाल्कनीपासून भिंत चाचपत चाचपत आले. खोक्यातल्या कागदात लिहिलंय तसंच केलं.

तो : कागद वाचलास तू?

ती : हो. तुम्ही नव्हता वाचला?

तो : ...

ती : हॅलो? फोन कटला वाटतं.

शेजारची खाट : फोन चालू आहे वहिनी. हे छताकडे बघतायत.

तो : तुला सांगितलं होतं ना, लाल-निळ्यावर विश्वास ठेवू नको म्हणून?

ती : ठिपक्यांवर. नळ्यांबद्दल काही बोलला नव्हतात.

तो : दांडा डावीकडे फिरव.

ती : डावीकडे थंड असतं.

तो : फिरव गं. आणि दोन मिनिटं सोडून ठेव. गिझर लांब आहे.

ती : गिझर बाल्कनीत हवा, हाही हट्ट तुमचाच. फिरवला. थंडच आहे.

तो : थांब म्हटलं ना.

शेजारची खाट : तेवढ्यात एक सांगू का वहिनी? राग मानू नका. ते आता घरी येतील, तर फरशी तेवढी कोरडी ठेवत जा. त्यांचं वय झालंय.

ती : कसली फरशी?

तो : पाणी आलं का?

शेजारची खाट : तुम्ही बाथरूम धुतलंत आणि फरशी तशीच ओली सोडलीत ना. त्याच्यावरूनच तर पाय घसरला यांचा.

ती : असं सांगितलं त्यांनी?

शेजारची खाट : डॉक्टरांना, सिस्टरना, मला. मुलीलाही, माझ्यासमोरच. मी... मी पेपर वाचतो.

ती : म्हणून. म्हणून ती माझ्याकडे बघत नव्हती. मला म्हणते, "आई, तुला आता पुसायलाही जमत नाही का?"

तो : अगं, पहिल्या दिवशी खूप दुखत होतं. तोंडातून गेलं...

ती : आणि बाकीचे वीस दिवस? ते काय प्लास्टर बोलत होतं? मी त्या दिवशी बाथरूम धुतलंच नव्हतं. तुमच्या नळाच्या बुडातून खाली गळलेलं पाणी होतं ते. दिवसातून चार वेळा पुसायचे मी. पाचव्यांदा पुसायच्या आधी तुम्ही गेलात. दोन आठवडे आठवत बसले होते, कुठे राहिलं, काय चुकलं माझं. मग उठले आणि आधी तो नळ काढला. तुम्ही परत आलात तर पुन्हा पडू नये म्हणून. तळहाताला तीन फोड आलेत.

तो : एवढ्यासाठी बदललास?

ती : नाही, हौस म्हणून. थांबा, कोमट लागतंय. ...आलं. अहो, आलं! पोळतंय चांगलं!

तो : म्हणजे तू बरोबर जोडलास.

ती : पुन्हा म्हणा. फोन खरखरतोय.

तो : काही खरखरत नाही. तू बरोबर जोडलास. मीच उलटा जोडला होता. तिन्ही वेळा.

शेजारची खाट : आणि कंपनी?

तो : कंपनीचंही बरोबर होतं! झालं समाधान?

ती : बेल वाजली. पाच मिनिटं आधीच आली.

तो : काय सांगणार आहेस तिला?

ती : पाणी गरम आहे म्हणून. दुसरं काय?

तो : आणि फरशीचं?

ती : फरशी कोरडी आहे. बघेल ती.

तो : तिच्याकडे फोन दे.

ती : कशाला? नळ कसा फिरवायचा ते मी सांगेन की. चार वर्षांच्या मुलाला कळेल इतकं सोपं झालंय आता.

तो : नळाचं तू सांग. दुसरं मला सांगायचंय. ते तू सांगून चालणार नाही.

ती : ...थांबा मग. आधी पाणी बंद करते.

तो : बेल परत वाजतेय.

ती : वाजू दे. ऐका जरा. काही ऐकू येतंय?

तो : नाही. काहीच नाही.

ती : तेच. एक थेंब नाही. आता देते तिला.