पिशयांची राखण

माझा माहेर मिठबावचा. घराच्या मागल्या दारातसून चार पावला टाकली की दर्या, तेवा पाण्यात हातपाय मारून पेवक मी कधी शिकलंय ता माका विचारू नकात, चलूक शिकलंय तेवाच शिकलंय आसतलंय. बापूस रापणीर मासळीचा जाळा ओढूक जाय, आमी चेडवा लाटांत उड्यो मारू, आवस किनाऱ्यारसून गाळी घाली. मगे लग्न होवन ह्या गावात इलंय, दर्यापासून आत, आणि एकदा संसार मागे लागलो की दर्यार जावक सवड कोणाक गावता? घो गेलो तेवा झील दिगू शाळेत व्हतो. मी शिवणाची मशीन घेतलंय आणि परकर-झंपर शिवन तेका वाढयलंय. ह्या सगळा आदी कित्याक सांगतंय बाई, तर माका राग येता तो खयसून येता ता तुमका कळूक होया.

आमच्या गावात गावपळण आसा. तीन-चार वर्सांनी देव कौल देता आणि आख्खो गाव गुराढोरा, कोंबडी-कुत्री घेवन वेशीभायर जाता, तीन दिस, तीन राती. घराक कुलूप नाय हां, नुसती कडी. भांडी, भात, माझ्यो पाटल्यो तांदळाच्या डब्यात, सगळा थयच. देव राखता. आजपर्यंत कोणाचो चमचोसुद्धा गेलो नाय. पयली आमी माळार माडाच्या झापांच्यो राहुट्यो घालून रवू, एका चुलीर तीन घरांचा जेवण, काय मजा येय काय सांगू तुमका. आता झिलांका राहुटी नको. गेल्या पळणीक दिगू मुंबयसून बायको-चेडवाक घेवन इलो आणि म्हणालो, आये, तीन दिस भायर जावचाच आसा ना, मगे पार्कात जावया, दोन पार्क जोडून.

एक पाळण्यांचो आणि एक पाण्याचो. आता पयलो खयचो, हेच्यार दोन दिस घरात वाद. सून मानसी म्हणाली, पयलो पाण्याचो. दिगू म्हणालो, खुळी काय, ओले कपडे घेवन पुढे खंय फिरतलो? ती म्हणाली, पाळण्यार गरगर फिरान पोटात ढवळता, तसाच घाट उतरलो तर गाडी कोण धुतलो? शेवटी ठरला पयल्या दिवशी पाळणे, दुसऱ्या दिवशी पाणी, म्हणजे पाळण्यांनी आंबलेला आंग पाण्यात मोकळा होता. नात तनू, तिका पाळणे. सुनेक पाणी. झिलाक दोनय. बरोबर जोडी जमली म्हणान सगळी खूश. माका कोणी विचारल्यान? कोणी नाय.

आणि कपडे! पाण्यात नायलॉनचेच कपडे लागतत, थय भाड्यान गावतत ते कोणी घातलेले काय म्हायत, म्हणान मानसी म्हणाली, आई, तुमीच शिवा. शिवलंय. नायलॉन मेला मशीनीर सरकता, सुई बदलून बदलून तिघांचे कपडे शिवलंय, तनूच्या कपड्यांका झालर लावलंय. मगे म्हटलंय, दिगू, माझ्यासाठी कापड आणूक होया रे. तर तो हसलो. हसलो बाई! म्हणालो, आये, तू खंय पाण्यात येतलंस, तू पिशयो सांभाळ.

मी पिशयो भरूक घेतलंय. तीच माझी चूक.

पयल्या दिवशी बाकड्यार बसलंय, तीन पिशयो घेवन. पिशयांत काय व्हता माहीत आसा? टॉवेल, चिवडो आणि तनूच्यो चपल्यो. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पार्कात तसाच. थय एक मोठा तळा, भोंगो वाजता आणि मशीन लाट सोडता. लाट खयची, गुडघ्याएवढी! आणि माणसा किंचाळतत जशी काय होडी बुडता. माका रवावला नाय. पिशयो काठार ठेवलंय, साडी वर खवसलंय आणि दोन पावला टाकलंय, तर शिट्टी! एक रखवालदार धावत इलो, म्हणता, आजी, साडी चालणार नाही, आणि पुढे पाणी खोल आहे, भीती वाटेल तुम्हाला. भीती! माका! शिरा पडो त्या लाटेर! पण तो बिचारो नोकरमाणूस, तेचो माका राग नाय. राग इलो तो झिलाचो. तो पाण्यात उभो राहून सगळा बघी व्हतो, आणि थयसून ओरडलो काय, तर आये, पिशयो!

चौथ्या दिवशी सकाळी वेशीर सगळो गाव परतीच्या कौलाची वाट बघी व्हतो, थय माझा तोंड उघडला. सगळ्या गावासमोर म्हटलंय, दिगू, तीन दिस घर उघडा टाकलंस, माझ्यो पाटल्यो थय पडल्यो, तेंका राखण नको, आणि दोन ओल्या टॉवेलांका आवस राखण बसयलंस? तो म्हणालो, आये, देवाची गोष्ट वेगळी. मी म्हटलंय, मगे पिशयो पण देवाकच सांगूच्यो व्हत्यो! माणसा हसली. पण माझो राग काय गेलो नाय, आजय नाय गेलो.

आता परत कौल झालो. पुढल्या आयतवारी गाव भायर पडतलो, आणि दिगूचो फोन, आये, तेच दोन पार्क जोडून जावया. मी व्हय म्हटलंय. गेल्या वेळचे तुकडे ठेवलेलंय, दिगूचो निळो, मानसीचो जांभळो, ते जोडून माझे कपडे शिवलंय, झालर पण लावलंय. काल ते बघून शेजारीण विचारी, गो, मगे पिशयो कोण बघतलो?

तेची पण तयारी केलंय. ती बघा, खुंटीर आसा. तिनय पिशयांची एकच मोठी पिशवी केलंय, आणि पट्टो दिगूच्या खांद्याच्या मापाचो. देव तेका बरो ठेवंदे, लहानपणापासून तेचे कपडे मीच शिवलंय, माप चुकाचा नाय.